श्वानाचा मुखपाक : वैद्याचा हात कोठवर जावा?



आपल्या त्रैमासिकात श्वानाच्या मुखरोगावर लेख यावा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु कामठीसारख्या गावात ज्यांचा दवाखाना आहे त्यांना ते वाटणार नाही. नातवाच्या तोंडातील छाल्यांसाठी औषध घेऊन झाले की उठता उठता आजोबा विचारतात, "आमच्या कुत्र्याच्याही तोंडाला असंच झालंय, हेच लावलं तर चालेल काय?" अशा वेळी आपण बहुधा "लावून पाहा" असे म्हणून मोकळे होतो. मीही होत असे. सन २०२४ च्या पावसाळ्यात माझ्याच हातून जे घडले, त्यानंतर मी तसे म्हणणे बंद केले. त्याचा वृत्तांत व त्यानिमित्ताने पुन्हा वाचलेले ग्रंथ यांविषयी येथे लिहीत आहे.

आमच्या वस्तीतील एका निवृत्त शिक्षिकेने कन्हान नदीच्या बाजूस पावसात भिजत पडलेली एक कुत्री घरी आणली होती. नाव ठेवले चांदी. वय अंदाजे सात-आठ वर्षे, अंग हाडकुळे, कानांत गोचीड, तोंडाला दुरूनही जाणवेल अशी दुर्गंधी. पोळी समोर ठेवली की ती जवळ येई, हुंगे, एक तुकडा उचले आणि कळवळून टाकून देई. तोंडातून रक्तमिश्रित लाळ गळत असे. चौथ्या दिवशी बाई तिला रिक्षातून माझ्या दवाखान्यात घेऊन आल्या. त्यांच्या घरी तीन पिढ्यांचे औषध माझ्याकडूनच जाते. नाही म्हणणे जिवावर आले.

मी उघड्या हाताने चांदीचा ओठ वर केला. दातांवर पिवळट-तपकिरी दगडासारखा थर, हिरड्या लाल, सुजलेल्या, बोट लागताच रक्त, गालाच्या आतील बाजूस दाताला टेकणाऱ्या जागी व्रण. मनात निदान तयार झाले : दंतशर्करा, उपकुश, पित्तप्रधान मुखपाक. टंकणभस्म मधात कालवून मी ते बोटाने हिरड्यांवर चोळले. दुकानातील माझ्या एकोणीस वर्षांच्या साहाय्यकाने तिचा जबडा धरून ठेवला होता. खदिरादी वटीची पुडी बाईंच्या हाती दिली आणि एक पुण्यकर्म झाले, अशा समाधानात हात धुतले. हात धुतले, एवढेच त्या दिवशी योग्य झाले असे म्हणावे लागेल.

दुसऱ्या दिवशी चांदीला तीन वेळा उलटी झाली आणि लाळ दुपटीने वाढली. तिसऱ्या दिवशी आम्ही तिला नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेले. सन १९५८ पासून चालत आलेली ही संस्था सन २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतर्गत येते. आपल्यापासून अवघ्या तासाभराच्या अंतरावर असूनही वीस वर्षांच्या व्यवसायात मी तेथे प्रथमच पाऊल ठेवत होतो. तेथील तरुण पशुवैद्य भगिनींनी माझे निदान शांतपणे ऐकून घेतले. चांदीकडे दुरूनच पाहिले आणि म्हणाल्या, "सर, आधी तुमचे हात दाखवा."

मी हात पुढे केले. खलात औषध घोटणाऱ्यांच्या बोटांना काय असते ते आपणांस सांगणे न लगे. तर्जनीवर एक ताजा ओरखडा होता आणि नखाजवळची कातडी सोललेली होती. साहाय्यकाच्या मनगटावर चांदीच्या दाताची पुसट रेघ उमटली होती; त्याला ती आठवतही नव्हती.

लालास्राव म्हणजे मुखपाकच काय?

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील सातवा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेपुरता तरी वाचला आहे. मूषकविषाच्या वर्णनानंतर तेथे उन्मत्त श्वान, शृगाल इत्यादींचे लक्षण येते. प्रकुपित वायू कफासह संज्ञावह स्रोतसांत आश्रय घेऊन संज्ञा नष्ट करतो. अशा प्राण्याचे शेपूट, हनू व स्कंध गळून पडतात, लाळ अतिशय सुटते, ऐकू-दिसू येईनासे होते आणि तो समोर येईल त्याच्यावर धावून जातो. दंश झालेल्या मनुष्यास जलत्रास उत्पन्न झाला तर तो अरिष्ट समजावा, असेही ग्रंथकार सांगतात. आज ज्यास आपण रेबीज म्हणतो त्याचे हे वर्णन आहे, याबद्दल फारसा मतभेद नाही.

यातील गळालेली हनू व अतिशय लाळ ही दोन लक्षणे कृपया वेगळी काढून पाहावीत. रेबीज म्हटले की पिसाळून चावत सुटलेला कुत्रा डोळ्यांपुढे येतो. पण या व्याधीचा एक स्तब्ध प्रकारही आहे. त्यात कुत्रा कोणावर धावत नाही. कोपऱ्यात बसून राहतो, खालचा जबडा लोंबतो, गिळता येत नाही म्हणून लाळ गळते, भुंकण्याचा आवाज घोगरा होतो. घरच्या मंडळींना वाटते, घशात हाड अडकले. कोणी दयाळू मनुष्य ते काढण्यासाठी हात आत घालतो. पशुवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत या चुकीविषयी मुद्दाम सावध केलेले असते. आपल्या संहितेनेही सावध केलेलेच आहे. आपण ते अगदतंत्राच्या प्रश्नपत्रिकेत ठेवून आलो आणि दवाखान्यात मुखरोगाचा अध्याय घेऊन बसलो. दोन्ही अध्याय एकाच कुत्र्यासमोर आठवावे लागतात, हे मला त्या दिवशी समजले.

रेबीजचा विषाणू लाळेतून बाहेर पडतो आणि कुत्र्यात लक्षणे दिसण्यापूर्वी काही दिवसही तो लाळेत असू शकतो. म्हणूनच संशयित श्वानाला दहा दिवस निरीक्षणाखाली ठेवण्याचा प्रघात आहे : संपर्काच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू असेल, तर त्या मुदतीत तो आजारी पडून मृत्यू पावतो. चावा घेतला नसला तरी खरचटलेल्या त्वचेला किंवा डोळे, ओठ, तोंड यांच्या आतील आवरणाला लाळ लागणे हा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीचा संपर्क गणला जातो. त्यात साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुणे, लस आणि जखमेत रेबीज इम्युनोग्लोब्युलिन असे तिन्ही उपचार आवश्यक असतात. मनुष्यात लक्षणे एकदा उत्पन्न झाली की व्याधी जवळजवळ शंभर टक्के असाध्य. तिखट, चुना, हळद वा अन्य लेप त्या जखमेवर लावू नये. कल्पस्थानात सांगितलेले उपचार इतिहास म्हणून आदराने वाचावेत; दंशाच्या रुग्णावर त्यांचा प्रयोग करून लसीची वेळ दवडणे हा अपराध होईल. या बाबतीत मला तडजोड मान्य नाही.

चांदीचे लसीकरण झाले होते किंवा नाही, हे सांगणारे कोणी नव्हते. तिचा जबडा लोंबत नव्हता, ती पाणी पीत होती, हाक मारताच शेपूट हलवीत होती; म्हणजे शक्यता कमी होती. परंतु "कमी आहे" एवढ्यावर कोणी एकोणीस वर्षांच्या मुलाला घरी पाठवत नाही. आम्ही दोघांनी त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात इम्युनोग्लोब्युलिन व लसीची पहिली मात्रा घेतली. पुढे तिसरा दिवस, सातवा दिवस. त्या मुलाची आई रोज सकाळी दुकानाच्या पायरीशी येऊन एकच विचारी, "कुत्री जिवंत आहे न डॉक्टरसाहेब?" दहा दिवस मी त्या बाईच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. चांदी दहाव्या दिवशी धडधाकट होती, तेव्हा तेथील डॉक्टरांनी चौदाव्या दिवसाची मात्रा वगळून अठ्ठाविसाव्या दिवसाची तेवढी दिली. श्वानांशी ज्यांचा वारंवार संबंध येतो त्यांनी संपर्कापूर्वीच लस घ्यावी, अशी सोय आहे. आपल्यापैकी किती जणांनी ती घेतली आहे?

निदान जुळले, हेतू चुकला

आता मुखाकडे वळू. सुश्रुतांनी सात अधिष्ठानांत पासष्ट मुखरोग सांगितले. त्यांतील दंतमूलगत पंधरा व दंतगत आठ हे आपल्या चर्चेचे क्षेत्र. त्या वर्णनातील बरेचसे श्वानाच्या मुखात जसेच्या तसे दिसते, हे मान्य केले पाहिजे. दंतशर्करा आहे, शीताद आहे, दंतवेष्टातील पूय आहे, उपकुशातील हलणारे दात आहेत.

मात्र श्वानाचे मुख मनुष्याच्या मुखाची लहान प्रतिकृती नव्हे. प्रौढ श्वानास बेचाळीस दात असतात, वर वीस व खाली बावीस. त्याची लाळ आपल्यापेक्षा अधिक क्षारधर्मी असते. परिणामी आपल्याकडे सर्रास दिसणारा कृमिदंत त्याच्यात विरळ, आणि शर्करा मात्र झपाट्याने साचते. दातावरील मऊ थर काही दिवसांतच कठीण होऊ लागतो. हिरडीखाली तो गेला की दाताला धरून ठेवणारे तंतू व अस्थी झिजू लागतात. वरून दिसणारा दगड हा रोगाचा लहान भाग होय; खरा रोग हिरडीच्या आत असतो. तेव्हा वरचा थर खरवडून दात पांढरे केल्याने मालकाचे समाधान होते, श्वानाचे दुखणे तसेच राहते. भूल न देता दात साफ करून देणारे काही सौंदर्यगृहवाले हल्ली शहरांत आढळतात. त्यांच्याकडे कोणासही पाठवू नये.

गालाच्या आत शर्करायुक्त दात जेथे टेकतो, नेमके तेथेच व्रण उमटतात. अशा व्रणास आपण मुखपाक म्हणून लेप लावला, तरी घासणारा दात तेथेच असतो. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र. येथे निदान म्हणजे तो दात.

परंतु सर्वच व्रण दातामुळे होत नाहीत, आणि गल्लत होते ती येथेच. श्वासाला मूत्रासारखा वास, जिभेच्या टोकाशी काळपट व्रण, तहान फार, अन्नद्वेष असे असेल तर वृक्क निकामी होत असण्याचा संभव आहे. पावसाळ्यात लेप्टोस्पायरा या जंतूनेही तसे होते, आणि तो जंतू रुग्ण श्वानाच्या मूत्रातून मनुष्यासही बाधतो. पिल्लाच्या ओठांवर फुलकोबीसारखे बारीक चामखीळ आले तर ते बहुधा काही आठवड्यांत आपोआप जातात. त्यावर क्षारकर्म करण्याची घाई करू नये. जिभेवर वा टाळूवर एकाएकी भाजल्यासारखा पांढरा चट्टा आला तर विजेची तार चावली का, चुन्याची डबी सांडली का, हे विचारावे. रस्त्यावरच्या श्वानाच्या तोंडात हाडाचा तुकडा दोन्ही बाजूंच्या दाढांमध्ये टाळूला आडवा अडकून बसलेला असतो, किंवा जिभेच्या मुळाशी दोरा रुतलेला असतो. जखमेत अळ्या पडणे तर आपण सर्वांनी पाहिले आहे. नाकातोंडातून रक्त व मांसाचा कोंब दिसत असेल तर तो श्वानांत संसर्गाने पसरणारा अर्बुदाचा प्रकार असू शकतो. त्यास पशुवैद्यांकडे चांगले औषध आहे, काञ्चनार गुग्गुळ नव्हे. वृद्ध श्वानात एकाच बाजूला वाढणारी काळी वा लाल गाठ ही घातक समजून त्वरेने दाखवावी.

चांदीच्या बाबतीत उत्तर रक्तातून आले. वृक्क ठीक होते. परंतु बिंबाणू, ज्यांना आपण प्लेटलेट म्हणतो, अवघे अठ्ठावन्न हजार भरले. दोन लाखांच्या आसपास तरी ते असावयास हवे होते. गोचिडांमार्फत होणारा एर्लिकिया नावाचा ज्वर तिला होता. म्हणजे हिरडीतून जो रक्तस्राव मी उपकुशाचे लक्षण म्हणून पाहिला, त्यात दातांचा वाटा थोडा व गोचिडांचा अधिक होता. नाव बरोबर होते. हेतू चुकीचा होता. उपकुशात सांगितलेले रक्तमोक्षण त्या दिवशी मी उत्साहाने केले असते, तर? आजही अंगावर काटा येतो.

वरचा दात

दंतनाडीच्या चिकित्सेत सुश्रुत सांगतात की ज्या दातापाशी नाडी उत्पन्न झाली तो दात काढून टाकावा. मात्र वरच्या दाताविषयी ते स्पष्ट निषेध करतात : हलत असला तरी वरचा दात काढू नये, कारण अतिरक्तस्राव होऊन दृष्टिनाश, अर्दित असे घोर उपद्रव होतात. चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायातील हे स्थळ जिज्ञासूंनी पुन्हा वाचावे.

योगायोग असा की श्वानात दंतनाडीचा सर्वांत परिचित प्रकार वरच्याच दाताचा असतो. वरच्या जबड्यातील चौथी पूर्वदाढ ही मांस कातरण्याची मोठी दाढ. तिची मुळे डोळ्याच्या खाली येतात. मुळाशी पूय झाला की डोळ्याखाली सूज येते, फुटते, भरते, पुन्हा फुटते. मालक म्हणतो, "डोळ्याखालची जखम भरत नाही." त्यावर जात्यादी तेल लावत महिने जातात. मी स्वतः एका शेजाऱ्याच्या कुत्र्यासाठी ते दिलेले आहे, हे कबूल करतो. तोंड उघडून पाहिले असते तर तुटलेली दाढ दिसली असती.

चांदीला डाव्या बाजूस हेच झाले होते. सूज अजून बाहेर फुटली नव्हती एवढेच. पशुवैद्य भगिनींनी ती दाढ काढावी लागेल असे सांगितले, तेव्हा मी संहितेतील निषेध त्यांना सांगितला. थोडे आढ्यतेनेच सांगितला असेन. त्यांनी विचारले, "कारण काय दिलंय?" मी म्हणालो, रक्तातियोग. त्या म्हणाल्या, "मग आम्हीही त्यासाठीच थांबलोय." बिंबाणू वाढेपर्यंत शस्त्रकर्म करावयाचे नाही, असे त्यांनी आधीच ठरवले होते. अठ्ठावीस दिवस डॉक्सिसायक्लीन, गोचिडांवर औषध, बाईंच्या अंगणातील भिंतीच्या भेगा बुजवणे, कारण तपकिरी गोचीड तेथेच अंडी घालते. मग पुन्हा रक्ततपासणी, आणि मगच भूल. श्वासनलिकेत नळी, जेणेकरून रक्त व पाणी फुप्फुसात उतरू नये. प्रत्येक शंकित दाताचे क्ष-किरण चित्र. दाढ तीन मुळांची असल्याने ती आधी तीन भागांत कापून एकेक मूळ सोडवले. नंतर हिरडी टाक्यांनी मिटवली. सुश्रुतांनी ज्या भयाने निषेध केला, त्या भयाचा विचार प्रत्येक पायरीवर होता. निषेधाचे शब्द मोडले गेले, त्यामागचे कारण पाळले गेले. मला स्वतःला यात विसंगती वाटत नाही. काही ज्येष्ठ सभासदांना वाटेल. त्यांच्याशी चर्चेस मी तयार आहे.

मुखात लावलेले ते गिळलेले

औषधी विक्रेते मित्रांसाठी या लेखातील महत्त्वाचा भाग हा आहे. आपल्याकडील मुखरोगचिकित्सा गंडूष, कवल, प्रतिसारण यांवर उभी आहे. यांतील प्रत्येकात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे : रुग्ण थुंकतो. श्वान थुंकत नाही. त्याला चूळ भरता येत नाही. त्याच्या हिरडीस जे लावाल ते पाच मिनिटांत पोटात जाते. म्हणून श्वानाच्या मुखात बाह्य प्रयोग असा नसतोच. प्रत्येक द्रव्य आभ्यंतर म्हणून, मात्रेसह विचारात घ्यावे लागते. आठ-दहा किलो वजनाच्या प्राण्याला चिमूटभर हे प्रमाण लहान नव्हे.

टंकणाने काय होते ते मी पाहिले : वमन व लालास्राव, अधिक मात्रेत वृक्कांसही बाधा होते. कापूर श्वानात आक्षेपक उत्पन्न करू शकतो, आणि खदिरादी वटीच्या पाठात कापूर आहे हे पुडी देताना माझ्या ध्यानात आले नाही. लवंगतेलाचा बोळा आपण दाढेस देतो. श्वानात ते श्लेष्मल त्वचा भाजते व यकृतावर भार टाकते. तुत्थ, रसकर्पूर, भल्लातक यांचे नावही काढू नये. स्फटिकेचे पाणीही पोटात गेले की क्षोभ करते. लसूण व कांदा यांनी श्वानाच्या रक्तकणांचा नाश होतो. ज्या कल्पांत लसूण आहे ते वर्ज्य.

द्राक्षांविषयी विशेष सांगितले पाहिजे, कारण ते पुष्कळांस ठाऊक नसते. द्राक्ष व मनुका यांमुळे काही श्वानांची वृक्के अल्प मात्रेतही निकामी होतात. त्यातील टार्टारिक आम्ल हे कारण असावे, असा अलीकडचा कयास आहे. तेच आम्ल चिंचेत असते. तेव्हा अशक्त कुत्र्याला शक्ती यावी म्हणून द्राक्षासव देणे हे मद्य व द्राक्ष असे दुहेरी अहित होय. मनुकायुक्त अवलेहही देऊ नयेत.

गल्ल्यावर आणखी एक प्रसंग येतो. गिऱ्हाईक वेदनेची गोळी मागते, ती कुत्र्यासाठी आहे हे सांगत नाही. आयबुप्रोफेन व डायक्लोफेनॅक यांनी श्वानाच्या जठरात व्रण होतात व वृक्के बिघडतात. पॅरासिटामॉलही आपल्या मनाने देऊ नये. मांजरास तर एक गोळी प्राणघातक ठरू शकते. साखरविरहित दंतमंजन, मुखशुद्धी, च्युइंगम यांत झायलिटॉल नावाचे गोड द्रव्य असते. ते श्वानाची रक्तशर्करा एकाएकी खाली आणते व यकृताचा नाश करते. मनुष्याची टूथपेस्ट श्वानासाठी कधीही विकू नये. माझ्या दुकानात आता "औषध कोणासाठी?" हा प्रश्न विचारल्याशिवाय मुखरोगाचे काहीही दिले जात नाही.

त्रिफळा क्वाथाच्या गुळण्यांचा परिणाम मनुष्यांवरील काही चाचण्यांत क्लोरहेक्सिडीनच्या तोडीचा आढळला, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावेच. परंतु तो निष्कर्ष चूळ भरून थुंकणाऱ्या मनुष्यावरचा आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. औषधी व सौंदर्यप्रसाधन कायद्यातील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्यांबरोबर प्राण्यांसाठीची औषधेही येतात. त्यामुळे पशूंसाठी आयुर्वेदीय औषधे परवान्यानुसार बनवणे व विकणे वैध आहे. पण औषध वैध म्हणून चिकित्सक वैध होत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ च्या कलम ३० नुसार पशुवैद्यक व्यवसाय हा नोंदणीकृत पशुवैद्यांचा अधिकार आहे. बी.ए.एम.एस. ही पदवी तो देत नाही. गजांसाठी पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद व अश्वांसाठी शालिहोत्राची परंपरा आहे, हे भाषणात सांगावयास ठीक. त्याने आपला परवाना रुंदावत नाही.

मग आपण काय करावे

करण्यासारखे पुष्कळ आहे. प्रथम पाहणे, तेही हात न लावता. जबडा लोंबतो का, पाणी गिळते का, आवाज बदलला का, वागणे बदलले का, लसीची नोंद आहे का. यांतील पहिल्या चारांपैकी एकही असेल तर तोंडाजवळ कोणीही जाऊ नये. श्वानाला एका खोलीत वा पिंजऱ्यात बंद ठेवून पशुवैद्यांस कळवावे आणि ज्यांना ज्यांना लाळ लागली त्यांची नावे लिहून घेऊन त्यांना रुग्णालयात पाठवावे. नावे लिहून घेण्याचे काम मला फार मोलाचे वाटते. घाबरलेली माणसे लहान मुलांचे नाव सांगावयास विसरतात.

एरवी, तोंड दुखणाऱ्या कुत्र्याच्या आहाराविषयी आपण नक्कीच सांगू शकतो, आणि बाई माझ्याकडून खरे पाहता तेवढेच ऐकावयास आल्या होत्या. चांदीला पशुवैद्यांच्या संमतीने मऊ, गुरगुट्या भात, त्यात मीठ-मसाला-कांदा-लसूण न घातलेले कोंबडीचे पाणी व हाडे काढून कुस्करलेले मांस, कोमट करून, दिवसातून चार वेळा थोडे थोडे दिले. आपल्या नागपूरकडे उरलेला सावजी रस्सा पोळीत कालवून दारच्या कुत्र्याला घालण्याची रीत आहे. त्यातील तिखट व्रणावर काय करीत असेल याचा विचार घालणाऱ्याने स्वतःची जीभ पोळलेली असताना करावा. शिजवलेली हाडे तर सर्वथा वर्ज्य, ती उभी फुटतात व टोचतात. साजूक तूप अर्धा चमचा भातावर. रोपण होईल म्हणून वाटीभर नव्हे, कारण अति स्नेहाने श्वानाच्या स्वादुपिंडास शोथ येतो. टाके विरघळल्यावर पशुवैद्यांनी श्वानासाठीचे दंतमंजन व मऊ ब्रश दिला. बाई शाळेत मुलांची नखे तपासत त्याच शिस्तीने रोज सायंकाळी तिचे दात घासतात. ब्रशाची सवय लावण्यास तीन आठवडे लागले; आरंभी केवळ ओठाला बोट लावणे, मग हिरडीला, मग दाताला. रोज घासणे हाच शर्करा रोखण्याचा खरा उपाय आहे, त्यास पर्याय म्हणून कोणतेही चूर्ण मला ठाऊक नाही. मात्र हे घासणे दुखणाऱ्या तोंडात सुरू करू नये. आधी पशुवैद्यांकडून तोंड रोगमुक्त करून घ्यावे.

चांदीचे तीन दात पूर्वीच पडलेले होते, नऊ काढावे लागले. उरलेल्या तीस दातांवर ती उत्तम जेवते. शस्त्रकर्मानंतर पाचव्या दिवशी तिने बाईंच्या हातातील भाकरीचा तुकडा स्वतःहून ओढून घेतला आणि खाल्ला. रेबीजची लस व डिस्टेंपर-लेप्टोस्पायरा यांची लस दरवर्षी पशुवैद्यांच्या सल्ल्याने होते. ती पुस्तिका बाईंनी माझ्या दवाखान्यातील त्यांच्या घराण्याच्या फाइलमध्येच ठेवावयास दिली आहे. माझा साहाय्यक अजून माझ्याकडेच आहे. जुन्या सवयीने एखादे गिऱ्हाईक "कुत्र्याच्या तोंडाला लावायला काहीतरी द्या" म्हणाले, की तो मला विचारण्यापूर्वीच आपले मनगट पुढे करून त्याला विचारतो, "आधी सांगा, तुमच्या घरी त्याच्या तोंडात कोणी कोणी हात घातला?"